भरतीने टाकलेले जहाजांचे खिळे: ओळख पटवण्याच्या कामाच्या नोंदी

३ नोव्हेंबर

गेल्या तीन आठवड्यांत ओहोटीच्या वेळी वाळूत आणि गोट्यांत सापडलेले धातूचे एकोणीस तुकडे आज एका जुन्या चादरीवर मांडले आणि त्यांना क्रमांक दिले. बहुतेक तुकडे लाकडी जहाजांच्या बांधणीतले असावेत असा अंदाज आहे. पण अंदाज म्हणजे ओळख नव्हे, आणि एकापासून दुसऱ्यापर्यंत जाताना काय करावे लागले ते लिहून ठेवले तर हेच काम हाती घेणाऱ्या दुसऱ्या कोणाचा वेळ वाचेल, म्हणून या नोंदी.

पुढे गोंधळ नको म्हणून शब्द आधीच ठरवून घेते. फळी बसवण्यासाठी लाकडात ठोकलेला, टोक असलेला लांब, जाड खिळा तो मोळा. लाकडातून आरपार जाणारा, टोक अणकुचीदार नसलेला गज तो बोल्ट. जुन्या जहाजांतल्या बोल्टांना बहुधा आटे नसतात, तर एका बाजूला डोके असते आणि दुसऱ्या बाजूला धातूचे कडे घालून त्यावर गजाचे टोक ठोकून पसरवलेले असते. जहाजाच्या तळाला तांब्याचा पत्रा मारण्यासाठी वापरलेला आखूड खिळा तो पत्र्याचा खिळा. होडीच्या एकमेकींवर थोड्या चढवलेल्या फळ्या सांधणारा, वाटीसारख्या चकतीवर टोक ठोकून पक्का केलेला तो रिवेट.

एकोणीसपैकी आठ तुकडे हिरवे आहेत, आठ गंजलेले किंवा दगडासारख्या कवचात गुरफटलेले आहेत, आणि तीन नीट कळत नाहीत. क्र. ८ हा एका बोल्टाचा तुटलेला, बोटभर लांबीचा तुकडा असून त्याच्या डोक्यावर हिरव्या थराखाली काहीतरी रेषा आहेत असे वाटते.

४ नोव्हेंबर

पहिली आणि सर्वांत महागात पडलेली चूक आजच झाली. क्र. ८ वरच्या रेषा स्वच्छ दिसाव्यात म्हणून तो काल रात्री व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवला होता. सकाळी हिरवा थर पूर्ण निघालेला होता, आणि त्याबरोबर रेषाही गेल्या होत्या. समुद्रात दीर्घ काळ राहिलेल्या तांब्याच्या किंवा पितळेच्या वस्तूचा मूळ पृष्ठभाग पुष्कळदा धातूत उरलेलाच नसतो, तो त्या क्षारांच्या थरातच जपलेला असतो. ठसा त्या थरात होता, धातूत नव्हता, आणि मी थरच विरघळवला.

त्या रेषा तीन होत्या आणि वर एकत्र येत होत्या अशी माझी आठवण आहे. तसे असेल तर तो बाणाच्या फाळासारखा ठसा असू शकतो, जो ब्रिटिश सरकार आपल्या मालावर मारत असे आणि नौदलाच्या खिळ्या-बोल्टांवर पुष्कळदा आढळतो. पण आठवण हा पुरावा नाही. साफ करण्यापूर्वी तिरप्या उजेडात, म्हणजे दिवा वस्तूच्या पातळीवर एका बाजूला ठेवून, छायाचित्र काढले असते तर पाच मिनिटे लागली असती.

आजपासून नियम असा, की कोणतीही वस्तू आधी चारही बाजूंनी मोजपट्टीसह टिपायची, चिकटलेले लाकूड, कवच, वाकलेपण यांची नोंद करायची, आणि मगच तिला पाणी लावायचे, तेही साधे गोडे पाणी आणि मऊ ब्रश. अठरा तुकड्यांची छायाचित्रे काढण्यात उरलेला सगळा दिवस गेला.

६ नोव्हेंबर

हे काम पहिल्या दिवशीच करायला हवे होते. सापडलेल्या वस्तूंची माहिती ज्या सरकारी खात्याला द्यावी लागते त्यांना आज क्रमांक, मापे आणि छायाचित्रे पाठवली. नियम देशागणिक वेगळे आहेत. ब्रिटनमध्ये, उदाहरणार्थ, बुडालेल्या जहाजाशी संबंधित वस्तू सापडली तर २८ दिवसांच्या आत ‘रिसीव्हर ऑफ रेक’ या अधिकाऱ्याला कळवणे बंधनकारक आहे, मग ती वस्तू एक खिळा का असेना. आपण जिथे गोळा करतो तिथला नियम आधी पाहावा. वाळूत अजून रुतलेल्या सांगाड्यातून काहीही उपटू नये हे तर उघडच आहे, कारण लाकडातल्या जागेसकट असलेला खिळा आणि निखळून आलेला खिळा यांच्या मोलात फार अंतर आहे.

इंग्लंडमधील सटन हू येथे १९३९ मध्ये उत्खनन झाले तेव्हा सातव्या शतकातील त्या जहाजाचे लाकूड पार नष्ट झालेले होते, पण लोखंडी रिवेटांच्या रांगा वाळूत जागच्या जागी राहिल्या होत्या आणि केवळ त्यांच्यावरून संपूर्ण जहाजाचा आकार उमगला. माझ्या चादरीवरच्या एकाही तुकड्याला आता ती जागा उरलेली नाही. म्हणून जे सांगायचे ते त्या वस्तूच्या अंगावरूनच सांगावे लागणार.

९ नोव्हेंबर

लोहचुंबक घेऊन बसले. लोखंड आणि बिगर-लोखंड एवढी वाटणी पंधरा मिनिटांत होईल असे वाटले होते, प्रत्यक्षात दोन तास लागले.

क्र. २ हा पत्र्याचा खिळा हिरवा असूनही चुंबकाकडे किंचित ओढला गेला. त्याला मी लोखंडाच्या गटात टाकले आणि ‘वर तांब्याचा मुलामा’ असे लिहूनही टाकले. नंतर भिंगातून पाहिले तेव्हा कळले, की शेजारच्या एखाद्या लोखंडाचा गंज त्याच्या डोक्याखाली चिकटून बसला आहे. गंजाचा तो पापुद्रा लाकडी काडीने काढल्यावर ओढ नाहीशी झाली. उलट बाजूने क्र. १८ हा पांढरा, चकचकीत, सहा कोनी डोक्याचा बोल्ट चुंबकाला जवळजवळ दाद देत नाही, आणि त्याच्या डोक्यावर ‘ए४-८०’ अशी खूण आहे. ती समुद्राच्या पाण्यात टिकणाऱ्या, आजही बनणाऱ्या स्टेनलेस स्टीलची खूण आहे, त्यामुळे क्र. १८ यादीतून बाद.

क्र. १७ ही बाद. त्याचे डोके दांड्याच्या मधोमध नसून एकाच बाजूला झुकलेले आहे. तसे डोके रुळाची कड दाबून धरण्यासाठी असते, म्हणजे तो रेल्वेचा खिळा आहे. बंदरांवर मालगाड्या जात असत, धक्क्यांच्या दुरुस्तीत रुळांखालचे जुने लाकडी स्लीपर वापरले जात, त्यामुळे असे खिळे किनाऱ्यावर येतात. किनाऱ्यावर सापडलेला प्रत्येक मोठा खिळा जहाजाचाच असतो हा समज मनातून काढावा लागतो. लाकडी धक्के, लाटा अडवणारे खांबांचे बांध आणि जेट्टी यांतही लांब लोखंडी गज ठोकलेले असत, आणि त्यांची संख्या जहाजांच्या बोल्टांपेक्षा कमी नसावी.

१२ नोव्हेंबर

धातू ओळखण्यासाठी घनता मोजायला घेतली. रीत सोपी आहे. आधी वस्तूचे वजन करायचे. मग पाण्याचे भांडे काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणायचा आणि वस्तू दोऱ्याला टांगून पाण्यात पूर्ण बुडवायची, मात्र ती तळाला किंवा कडेला टेकू द्यायची नाही. काट्यावर जेवढे ग्रॅम दिसतील तेवढे ग्रॅम पाणी वस्तूने बाजूला सारले. वजनाला त्या आकड्याने भागले की घनता मिळते. शुद्ध तांब्याची घनता ८.९ च्या वर असते, कथील घातलेल्या कांस्याची साधारण ८.८, आणि तांबे ६० टक्के, जस्त ४० टक्के अशा पितळेची ८.४ च्या आसपास.

क्र. ६ हा सर्वांत देखणा बोल्ट, तीस सेंटीमीटर लांब, त्याला बुडवायला उंच भांडे नव्हते. प्लास्टिकच्या पाइपच्या तुकड्याला खाली झाकण चिकटवून भांडे केले. पहिल्यांदा झाकण गळले आणि काटा भिजला, सुदैवाने वाळवल्यावर तो चालू झाला. दुसऱ्या प्रयत्नात क्र. ६ चे वजन १०३० ग्रॅम आणि सारलेले पाणी ११८.३ ग्रॅम भरले, म्हणजे घनता ८.७१. क्र. ५ हा मोळा ३१८ ग्रॅम, पाणी ३८.८ ग्रॅम, घनता ८.२०. पहिला कांस्याचा आणि दुसरा कसल्यातरी हलक्या पितळेचा असे लिहून दिवस संपवला.

१५ नोव्हेंबर

तीन दिवस ८.२० हा आकडा डोक्यातून जात नव्हता, कारण जहाजाच्या खिळ्यात वापरण्याजोगे इतके हलके पितळ मला कुठेच सापडेना. आज कारण लक्षात आले. किनाऱ्यावरून भरून आणलेल्या बादलीतलेच पाणी मी भांड्यात ओतले होते, आणि ती बादली समुद्राच्या पाण्याची होती. समुद्राचे पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड असते, म्हणून माझी प्रत्येक घनता अडीच टक्क्यांनी कमी आली.

गोड्या पाण्यात पुन्हा मोजले. क्र. ६ ने ११५.४ ग्रॅम पाणी सारले, म्हणजे घनता ८.९३, हे तांबे झाले. क्र. ५ ने ३७.९ ग्रॅम, म्हणजे ८.३९. सगळे पुन्हा करण्यात चार तास गेले, आणि ‘कांस्य’ लिहिलेली चिठ्ठी फाडावी लागली.

मोजताना आणखी दोन गोष्टी ध्यानात आल्या. खड्ड्यांत अडकलेले हवेचे बुडबुडे घनता कमी दाखवतात, म्हणून वस्तू आधी तासभर पाण्यात ठेवून हलवून घ्यावी. आणि लहान वस्तूंसाठी ही रीत निरुपयोगी आहे. पत्र्याचे चारही खिळे एकत्र २८.६ ग्रॅम भरले आणि त्यांनी ३.४ ग्रॅम पाणी सारले. माझा काटा ०.१ ग्रॅमपर्यंतच दाखवतो, त्यामुळे खरे उत्तर ८.२ ते ८.७ यांमध्ये कुठेही असू शकते. चारही एकाच धातूचे आहेत असे गृहीत धरायलाही आधार नाही. त्यांची घनता नोंदीतून काढून टाकली.

१९ नोव्हेंबर

क्र. ५ वर आज घनता आणि रंग यांचे भांडण झाले. मोळ्याच्या तुटलेल्या टोकावर, जिथे आकार आधीच गेलेला आहे अशा जागी, बारीक कानशीने हलकेच घासले. खाली धातू गुलाबीसर तांबूस दिसला. म्हणजे तांबे? पण तांब्याची घनता ८.४ कशी असेल? मी वजने दोनदा पडताळली, दोरा बदलला, काटा ओळखीच्या वजनावर तपासला. सगळे बरोबर होते.

मग त्याच जागी थोडे आणखी खोल, सुमारे एक मिलिमीटर घासले, आणि तांबूस थराखालून स्पष्ट पिवळा धातू निघाला. समुद्राच्या पाण्यात जास्त जस्ताच्या पितळेतले जस्त हळूहळू निघून जाते आणि मागे तांब्याची सच्छिद्र, ठिसूळ साल उरते. वरवर पाहणाऱ्याला ती वस्तू तांब्याचीच वाटते. मोळ्याचे टोक का तुटले याचेही उत्तर यात आहे, कारण तिथे दांडा बारीक असल्यामुळे साल जवळजवळ गाभ्यापर्यंत पोहोचली होती.

धातूतले घटक ओळखणाऱ्या एक्स-रे फ्लुओरेसन्स यंत्राने तपासून घेण्याची संधी मिळाली तरी हे लक्षात ठेवावे, की ते यंत्र पृष्ठभागाचा फार पातळ थर वाचते. असा मोळा न घासता त्याच्यासमोर धरला तर तेही ‘तांबे’ असेच सांगेल.

आता काळाचा प्रश्न. बर्मिंगहॅमच्या जॉर्ज फ्रेडरिक मंट्झ यांनी १८३२ मध्ये सुमारे ६० टक्के तांबे आणि ४० टक्के जस्त अशा मिश्रधातूचे पेटंट घेतले, आधी तळाच्या पत्र्यासाठी आणि त्याच वर्षी बोल्ट व इतर जोडणीच्या सामानासाठी. तो तांब्यापेक्षा स्वस्त पडे, तापवून लाटता येई, आणि काही दशकांत व्यापारी जहाजांवर सर्रास वापरात आला. १८६९ च्या ‘कटी सार्क’ जहाजाच्या लोखंडी सांगाड्यावर फळ्या बसवल्या आहेत त्या याच पिवळ्या धातूच्या बोल्टांनी. क्र. ५ ची घनता आणि रंग त्याच्याशी जुळतात. तरीही सालीतली छिद्रे घनता थोडी खाली ओढतात, म्हणजे आतला धातू ८.४ पेक्षा किंचित जड, वेगळ्या प्रमाणाचे पितळही असू शकेल. चिठ्ठीवर ‘पिवळा मिश्रधातू, मंट्झच्या धातूशी जुळणारा, तसे असल्यास १८३२ नंतरचा’ असे लिहिले. ‘मंट्झ धातू, १८३२’ असे लिहिणे सोपे होते आणि चुकीचे झाले असते.

२३ नोव्हेंबर

आजचा पूर्ण दिवस एकट्या क्र. ६ साठी दिला, आणि या कामातला सर्वांत चांगला दिवस हाच. धातू तांबे आहे हे ठरल्यावर मी जवळजवळ थांबणार होते. पण तांबे आहे एवढ्यावरून काळ ठरत नाही. सायप्रसजवळ सापडलेल्या, इ. स. पूर्व चौथ्या शतकातील किरेनिया जहाजाच्या फासळ्याही तांब्याच्या खिळ्यांनीच जोडलेल्या होत्या. धातू बाजूला ठेवून मग मी बोल्टाचे अंग वाचायला घेतले.

व्यास तीन ठिकाणी मोजला: डोक्याखाली २२.१, मध्ये २१.६, कड्याजवळ २२.० मिलिमीटर. समुद्राने थोडे खाल्ले असेल हे धरले तर मूळ माप २२.२ मिलिमीटर, म्हणजे इंचाचे सात अष्टमांश असावे. दांडा सर्वत्र गोल आणि सरळ आहे, त्यावर हातोड्याचे पैलू नाहीत, तर लांबीच्या दिशेने अतिशय फिकट समांतर रेषा आहेत. तो हातोड्याने घडवलेला नसून फिरत्या रुळांतून (रोलरमधून) दाबून काढलेला आहे.

यामागे इतिहास आहे. १७६१ मध्ये ब्रिटिश नौदलाने ‘अलार्म’ या फ्रिगेटच्या (एका प्रकारच्या युद्धनौकेच्या) तळाला तांब्याचा पत्रा मारून पाहिला. लाकूड पोखरणाऱ्या टेरेडो किड्यापासून तळ वाचला, पण दोन वर्षांनी पाहणी केली तेव्हा तांब्याला टेकलेले लोखंड खाऊन गेलेले होते, आणि जिथे पत्र्याखालचा तपकिरी कागद शाबूत राहून दोन धातूंच्या मध्ये आला होता तिथले खिळे चांगले होते. १७७९ पासून सगळ्या ताफ्याला पत्रा मारण्याचे काम झपाट्याने झाले, आणि पाण्याखालचे लोखंडी बोल्ट आतून झिजू लागले. त्यांच्या जागी तांबे वापरावे तर शुद्ध तांबे मऊ, लांब बोल्ट ठोकताना वाकणारे. १७८३ च्या सुमारास खाचांच्या रुळांमधून थंड तांबे दाबून काढून ते कडक करण्याची युक्ती इंग्लंडमध्ये साधली आणि नौदल तांब्याच्या बोल्टांकडे वळले. क्र. ६ वरच्या समांतर रेषा त्या प्रकारच्या कामाशी जुळतात, म्हणून तो बहुधा त्यानंतरचा. किती नंतरचा हे यावरून सांगता येत नाही, कारण तांब्याचे बोल्ट पुढेही दीर्घ काळ वापरात होते.

यापेक्षा अधिक मोलाची गोष्ट मापपट्टीने दिली. डोक्याची खालची बाजू आणि कड्याची आतली बाजू यांतले अंतर २८ सेंटीमीटर आहे. या बोल्टाने जे लाकूड एकत्र धरले होते त्याची एकूण जाडी म्हणजे हेच अंतर. डोक्यापासून ८ सेंटीमीटरवर दांड्याभोवती एक बारीक वलय आहे, त्याच्या अलीकडे थर गडद आणि गुळगुळीत, पलीकडे फिकट आणि खरबरीत. दोन लाकडे तिथे एकमेकांना भिडत होती असे मी मानते: ८ सेंटीमीटरची बाहेरची फळी, आणि तिच्या मागे २० सेंटीमीटर लाकूड. ८ सेंटीमीटर फळीचे जहाज लहान नसते. क्र. ६ व्हिनेगरमध्ये टाकला असता तर हे वलय पहिल्या रात्रीच गेले असते.

कड्यावर टोक ठोकताना पडलेले हातोड्याचे घाव एका बाजूला दाट आणि दुसऱ्या बाजूला विरळ आहेत. ठोकणारा माणूस अडचणीच्या जागी, एका कुशीवर वाकून काम करत होता असे वाटते. हे सिद्ध करता येणार नाही, आणि चिठ्ठीवर ते लिहिले नाही, पण मी त्या घावांकडे बराच वेळ पाहत बसले.

२६ नोव्हेंबर

पत्र्याचे खिळे, क्र. १ ते ४. लांबी ३० ते ३४ मिलिमीटर, डोके चपटे आणि खालून निमुळते, दांडा चौकोनाकडे झुकणारा, पृष्ठभाग ओतकामासारखा खडबडीत. क्र. ३ च्या डोक्याखाली पातळ पत्र्याचा फाटका तुकडा अडकलेला आहे, त्यामुळे उपयोगाबद्दल शंका राहत नाही. एका जहाजाच्या तळाला असे हजारो खिळे लागत, म्हणून किनाऱ्यावर सर्वाधिक सापडतात ते हेच.

क्र. ७ हा चौकोनी दांड्याचा तांब्याचा रिवेट, चकतीसह शाबूत. डोके आणि चकती यांतले अंतर अवघे १९ मिलिमीटर, म्हणजे दोन पातळ फळ्या. हा होडीचा. असे रिवेट आजही बनतात आणि वापरले जातात, म्हणून काळाच्या रकान्यात रेघ मारली.

क्र. १५ ला आटे आणि चौकोनी नट आहे. इथे आट्यांनी काम सोपे केले. १८४१ मध्ये जोसेफ व्हिटवर्थ यांनी आट्यांची प्रमाणबद्ध मापे सुचवली, ५५ अंशांच्या कोनाची. अमेरिकी पद्धत १८६४ ची, ६० अंशांची. बोल्टाचा व्यास अर्धा इंच असेल तर व्हिटवर्थमध्ये इंचाला १२ आटे येतात आणि अमेरिकी पद्धतीत १३. पाऊण इंचाला मात्र दोन्हींत १०, त्यामुळे तिथे मोजणी उपयोगाची नाही. क्र. १५ नेमका अर्ध्या इंचाचा निघाला. शाबूत भागात मोजले तर इंचाला १२ आटे भरले. व्हिटवर्थ, आणि म्हणून १८४१ नंतरचा. एवढ्या ठामपणे काळाची एक बाजू बांधता आली असा यादीतला आतापर्यंतचा हा एकच तुकडा.

१ डिसेंबर

आजपासून लोखंड. क्र. ९ ते १४ हे वाळू, शिंपले आणि गंज यांचे दगडासारखे गोळे. सुरुवातीलाच एक इशारा लिहून ठेवते. गंजलेला, नळकांड्यासारखा, हाताला अनपेक्षित जड लागणारा गोळा जुना तोफगोळा किंवा न फुटलेला दारूगोळा असू शकतो. तशी शंका आली तर हात न लावता, जागा लक्षात ठेवून पोलिसांना कळवावे. खाली जे लिहिले आहे ते एका टोकाला उघडे, आत काय आहे ते दिसत असलेल्या लहान गोळ्यांपुरतेच आहे.

चुंबक जोरात चिकटला म्हणून क्र. १२ मध्ये भरीव लोखंड आहे असे धरून हातोडी आणि छिन्नीने कवच फोडले. आत पोकळी होती. काळा, दुर्गंधी चिखल बाहेर आला आणि कवचाचे नऊ तुकडे झाले. लोखंड केव्हाच संपले होते. गंजाची खनिजेही चुंबकाला ओढतात, म्हणून चुंबकाच्या ओढीवरून धातू उरला आहे असे मानता येत नाही. वाईट याचे वाटते, की ती पोकळी म्हणजे त्या मोळ्याचा अचूक साचा होता. वस्तूचा आकार जगात फक्त तिथेच उरला होता. तुकडे जोडून पाहण्यात अख्खी संध्याकाळ घालवली, पण कडा चुरल्या होत्या.

५ डिसेंबर

क्र. १३ उघड्या टोकातून पाण्याने धुऊन आत प्लास्टर ओतले. तेही फसले. प्लास्टर खालपर्यंत पोहोचलेच नाही, आणि कवच काढताना मधोमध मोडले. अर्धाच दांडा हाती आला.

९ डिसेंबर

क्र. १४ साठी पातळ इपॉक्सी राळ वापरली. पोकळी आठ-दहा वेळा धुतली, चार दिवस वाळू दिली, गोळा उभा धरून राळ एका कडेने बारीक धारेने सोडली, म्हणजे हवा दुसऱ्या कडेने निघून जाईल. चोवीस तासांनी कवच लहान छिन्नीने, कणाकणाने काढले. सहा तास लागले. आतून पूर्ण मोळा निघाला: १४ मिलिमीटरचा चौकोनी दांडा, चार पैलूंचे घडीव डोके, आणि टोकाला सुई नव्हे तर छिन्नीसारखी धार. ही धार लाकडाच्या रेषांना आडवी धरून ठोकत, म्हणजे तंतू कापले जातात आणि फळी उकलत नाही. संग्रहालयांच्या प्रयोगशाळांत अशा गोळ्यांचा आधी एक्स-रे काढतात आणि मगच साचा भरतात. ती सोय नसेल तर निदान हातोडी उचलू नये. उरलेले क्र. ९, १० आणि ११ आता गोड्या पाण्यात ठेवले आहेत आणि त्यांना हात लावलेला नाही. मिठाने भरलेले लोखंड तसेच वाळू दिले तर काही आठवड्यांत पापुद्रे सुटून तडकते, म्हणून ते पाण्याबाहेर काढू नये.

१४ डिसेंबर

क्र. १६ हा लोखंडी बोल्ट मध्ये कमरेसारखा बारीक झाला आहे, टोकांना १९ आणि मध्ये अवघा ९ मिलिमीटर. आधी वाटले होते की तो तसाच घडवला असेल. पण बारीक जागी धातूचे तंतू उघडे पडले आहेत, लाकडाच्या रेषांसारखे लांबच्या लांब. ही घडीव लोखंडाची खूण आहे, कारण त्यात धातुमळीचे (लोखंड गाळताना उरलेल्या काचेसारख्या कचऱ्याचे) धागे असतात आणि गंज त्यांच्यामधले लोखंड आधी खातो. पोलादात असे तंतू दिसत नाहीत. जिथे दोन लाकडांच्या सांध्यातून पाणी झिरपत होते तिथे बोल्ट झिजला, बाकीचा लाकडाने वाचवला. चिकटलेल्या लाकडाची चीप निळसर काळी पडली आहे, जशी टॅनिन हा तुरट घटक भरपूर असलेले ओकसारखे लाकूड लोखंडाशेजारी पडते. लाकडाचा प्रकार ठरवायला सूक्ष्मदर्शकाखाली छेद पाहावा लागतो, म्हणून चीप ओल्या कापसात वेगळी ठेवली आहे.

क्र. १९ राखाडी, चौकोनी, जस्ताचा मुलामा दिलेला मोळा. लोखंडावर वितळलेल्या जस्ताचा थर देण्याचे फ्रेंच पेटंट १८३७ चे आहे, त्यामुळे त्यानंतरचा, आणि थर अजून इतका शाबूत आहे की बराच अलीकडचा असावा.

२२ डिसेंबर

क्र. ४ वर फिकट हिरव्या भुकटीचे ठिपके आले. महिन्यापूर्वी ते नव्हते. तांब्याच्या वस्तूत अडकलेले क्लोराइड हवेतील ओलाव्याशी मिळून धातू खात राहते आणि अशी भुकटी बाहेर टाकते. धुऊन, पुसून, कपाटात ठेवले की काम झाले असे मी धरले होते, ते चुकले. क्र. ४ पुन्हा गोड्या पाण्यात ठेवला असून पाणी दर आठवड्याला बदलणार आहे. बाकीचे तांब्या-पितळेचे तुकडे घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसह ठेवले, आत आर्द्रता मोजणारी तबकडी घातली, आणि ती ४० टक्क्यांच्या खाली राहील असे पाहते आहे.

२८ डिसेंबर

चिठ्ठ्या लिहून पूर्ण केल्या. प्रत्येकीवर आता तीन वेगळे रकाने आहेत: मोजलेले, पाहिलेले, आणि मानलेले. क्र. ६ च्या चिठ्ठीवर पहिले दोन रकाने भरगच्च आहेत आणि तिसऱ्यात दोनच ओळी आहेत. सरकारी खात्याकडून पोच आली आहे, आणि क्र. ६ व क्र. १६ पाहायला मागितले आहेत.

क्र. ८ ची चिठ्ठी शेवटी ठेवली होती. गोळा केल्या दिवशी किनाऱ्यावरच घाईत काढलेले एक छायाचित्र जुन्या फाइलींत सापडले. त्यात तो मुठीत आहे, डोके अर्धे बोटाखाली आहे, आणि उरलेल्या अर्ध्यावर एक तिरकी रेघ दिसते. एकच. तिला ठसा म्हणता येईल, ओरखडाही म्हणता येईल. ‘पाहिलेले’ या रकान्यात ‘डोक्यावर एक रेघ, साफसफाईत नष्ट’ असे लिहिले, ‘मानलेले’ हा रकाना कोरा ठेवला, आणि छायाचित्र चिठ्ठीला जोडले.